कुमुदबाईंचं चाक

कुमुदबाईंबद्दल लिहायचं म्हटलं की मला आधी राग येतो. त्यांचा नाही, त्यांच्या भोवतालच्यांचा. त्या शेजारी असत्या तर म्हणाल्या असत्या, "राग नंतर. आधी कोण, कुठे, काय ते सांग. वाचणाऱ्याला तुझ्या रागाचा पत्ता माहीत नसतो." म्हणून तसंच सांगते.

काशीत रामघाटाच्या वरच्या गल्लीत मराठी माणसांचं एक मंडळ आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्याचं मुख्य काम होतं ते श्राद्धाच्या कार्डांचं. आपल्या गेलेल्या माणसाचं श्राद्ध काशीत व्हावं असं वाटणारी घरं पुण्याकडे, साताऱ्याकडे, नागपुराकडे पुष्कळ. त्यांनी मंडळाला नाव आणि तिथी कळवायची. मंडळ दरवर्षी कार्ड पाठवणार: अमुक महिना, वद्य की शुद्ध, अमुक तिथी. कार्डावर इंग्रजी तारीख छापायची नाही, हा मंडळाचा बाणा. कार्यवाह भालचंद्रराव म्हणत, "पितरांना डिसेंबर कळत नाही." पितरांना डिसेंबर कळत नसेल, पण रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीला मार्गशीर्ष कळत नाही, असं मी एकदा म्हटलं होतं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विषय संपला.

मी मंडळाची कुणी नव्हते. घाटांवरच्या एकट्या म्हाताऱ्या बायकांना पेन्शन मिळावी म्हणून आम्ही चारपाच जण भांडत होतो, पत्रकं काढत होतो. मंडळाचा संगणक दुपार उतरल्यावर मोकळा होई, तो आम्हाला वापरू देत. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वाट बघायची, आणि समोर कुमुदबाई काम करत असायच्या.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शिकवणं हिंदीत, रागावणं बनारसी बोलीत, आणि पाढे मराठीत. बेरीज करताना ओठ हलायचे ते मराठीतच. अंगात बाराही महिने विटकरी रंगाचं बिनबाह्यांचं स्वेटर. नाकावरून चष्मा घसरला की तो मनगटानं वर ढकलायच्या, कारण बोटं तोवर कामातून गेली होती. संधिवातानं दोन्ही हातांची बोटं करंगळीच्या बाजूला कलली होती, सांधे सुजलेले, मुठी अर्धवट मिटलेल्या. चहाचं मातीचं कुल्हड त्या दोन्ही तळव्यांमध्ये धरायच्या, आणि कुणी मदतीला हात पुढे केला की म्हणायच्या, "दोन हात आहेत मला. मोजून घे."

राहायच्या भावाकडे, ब्रह्मा घाटाच्या मागे. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही नव्हती. पण त्या घरात बाईंच्या हातून काही होण्यासारखं उरलं नव्हतं. पोळी लाटता येत नव्हती, नारळ खवता येत नव्हता, भाचीची वेणीही घालता येत नव्हती. "ताई, तुम्ही बसा हो," एवढं एकच वाक्य दिवसभर कानावर पडायचं. बाई मला म्हणाल्या होत्या, "नुसतं बसा, बसा म्हणतात. बसण्यासारखं काय केलंय मी?" मंडळातल्या त्या लाकडी खुर्चीवरही त्या बसलेल्याच असायच्या, पण तिथे बसून काहीतरी व्हायचं. घरातून रोज बाहेर पडायला तेवढं एक कारण होतं. पगार नव्हता. कामच होतं.

संगणकाचा प्रोग्रॅम केला होता शिरीषरावांनी. हे रेल्वेत अधिकारी, डोक्यावर मफलर, स्वभावानं अबोल, आणि रविवारी दुसरं काही न करता प्रोग्रॅम लिहिणारे. पडद्याच्या खालच्या कडेला एका ओळीत महिन्यांच्या पट्ट्या होत्या, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत आणि शेवटी अधिक. शिरीषराव त्यांना टॅब म्हणत. ज्या महिन्याचा टॅब उघडा असेल त्या महिन्यात नाव चढायचं आणि तोच महिना कार्डावर छापून यायचा. बाई टाइप करायच्या ते मुठीत पेन्सिल उलटी धरून, रबराच्या टोकानं. ते जमत होतं. जमत नव्हतं ते माऊसचं क्लिक. बोट दाबायला जावं तर सगळा तळवाच सरकायचा, बाण शेजारच्या टॅबवर जायचा, आणि श्रावणातला माणूस भाद्रपदात. बाई परत मागे जायच्या, परत दाबायच्या. एका नावाला एवढा खटाटोप.

मग शिरीषरावांनी चाकवाला माऊस आणला. दोन बटणांच्या मधे छोटं रबरी चाक. तेव्हा ते नवं होतं. आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी प्रोग्रॅममध्ये असं करून दिलं की बाण त्या टॅबच्या ओळीवर ठेवायचा आणि नुसतं चाक फिरवायचं. आपल्याकडे एक खटका ओढला की पुढचा महिना, पलीकडे ढकलला की मागचा. दाबायचं काही नाही. बाईंनी तर्जनीचा वाकडा सांधा चाकावर टेकवला आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकदम गेल्या. मग परत आल्या. मग परत गेल्या.

"शिरीषराव," त्या म्हणाल्या, "हे कुणी काढलं असेल हो?"

"असेल कुणीतरी कंपनीतलं."

"त्याला सांधेदुखी असणार."

शिरीषराव हसले. ते हसलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

चाकाची एक खोड होती. ते ऐकायचं फार. सांधा जरा जोरात पडला की एका खटक्याऐवजी दोन. यावर बाईंचा उपाय शाळेतलाच होता. प्रत्येक खटक्यानंतर पडद्यावर जो महिना दिसेल तो त्या मोठ्यानं वाचायच्या. डोक्यातला नाही, पडद्यावरचा. "भाद्रपद. आश्विन. कार्तिक." मग नाव, मग तिथी, मग पुन्हा महिना. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मनातलं चुकलं तर कळत नाही. तोंडातलं चुकलं तर कानाला कळतं." वर्गातही मुलींकडून त्या हातचा मोठ्यानं म्हणवून घ्यायच्या. एका वर्गाचा हातचा शेजारच्या वर्गात ऐकू जायचा आणि तिथल्या भूगोलाच्या बाई तक्रार करायच्या.

आवाज शिक्षिकेचा, खोली छोटी, भिंती दगडी. मंडळाचा शिपाई रामजनम दारातून म्हणायचा, "मास्टरनीजी टेसन बोलत हईं," म्हणजे गाडीतल्यासारखी स्टेशनं पुकारतायत. बाई मान न वळवता म्हणायच्या, "हाँ, तोहार टेसन आई त उतर जइहा." पण भालचंद्ररावांना ते खपत नसे. त्यांच्या टेबलावर फोन होता. फोनवर ते मृदू, लांबट मराठीत देणगीदारांशी बोलत, आणि मागून एकदम "मार्गशीर्ष!" असा पुकारा व्हायचा.

एका दुपारी पुण्याचा फोन आला होता. कुणीतरी मोठा माणूस असावा, कारण भालचंद्रराव खुर्चीतून उठून बोलत होते. त्यांनी बोलता बोलता हात वर केला. बाईंनी "आश्विन" म्हटलं. मग त्यांनी माउथपीसवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "बाई, जरा गप्प बसाल का? की ते पण मोठ्यानं सांगायला पाहिजे?"

बाई गप्प बसल्या. मी स्टुलावर होते, मी पाहिलं. चाक फिरत राहिलं, पेन्सिल टकटकत राहिली, आणि खोलीत अर्धा तास नुसती फोनवरची पुण्याची स्तुती.

थंडीत, घाटावर दहा हातांवरचं दिसत नाही अशा धुक्याच्या सकाळी, मी नेमकी लवकर आले होते तेव्हा, साताऱ्याचे सबनीस मंडळात आले. सोबत त्यांची आई, शालीत गुंडाळलेली. वडिलांचं श्राद्ध करायला आलेले, पण घाटावरूनच परतले होते. हातात मंडळाचं कार्ड: मार्गशीर्ष वद्य पंचमी. घाटावर गुरुजींनी संकल्पाआधी सहज विचारलं, गेले कधी? म्हातारी म्हणाली, दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता तेव्हा. गुरुजी थांबले. म्हणाले, मग तो कार्तिक वद्य. हा महिना चुकला.

सबनीसांनी कार्ड टेबलावर आपटलं. "वर्षाचं काम. रजा काढून, आईला दोन रात्री गाडीत बसवून आणलं. आणि महिना चुकलेला?"

भालचंद्ररावांनी त्यांना बसवलं, चहा सांगितला, आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "सबनीस, चूक झाली ती तुमची, पण ती सगळ्यांचीच होते. असं बघा, इथे उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. आपण ज्याला कार्तिक वद्य म्हणतो त्याला हे लोक मार्गशीर्ष म्हणतात, अगहन म्हणतात. कार्ड काशीतून निघालं, तर महिना काशीचा धरायला नको का? कार्ड बरोबरच आहे."

हे मात्र कबूल करायला हवं की उत्तर बेमालूम होतं. काशीतल्या प्रत्येक मराठी घरात हा घोळ कधी ना कधी झालेला आहे. दूधवाल्याचा महिना वेगळा, आपला वेगळा. निम्मा महिना जुळतो आणि निम्मा जुळत नाही. सबनीसांचा राग उतरला. त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा शरमलेला दिसू लागला. म्हणजे माझंच, असं काहीतरी ते पुटपुटले.

आणि बाई खुर्चीवरून उठल्या.

"नाही. आपलं कार्ड मराठी महिन्यानंच निघतं, पहिल्यापासून. सबनीस, तुम्ही बरोबर वाचलंत. नाव मी चढवलं. चाक एक खटका जास्त फिरलं आणि कार्तिकाऐवजी मार्गशीर्ष आला. माझी चूक."

भालचंद्रराव बाईंकडे असं बघत होते की जणू त्यांनी भर मांडवात पदर सोडला. मग म्हातारी बोलली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "कार्ड आलं तेव्हाच वाटलं. पण काशीचं कार्ड म्हटल्यावर मी कोण बोलणार? गप्प बसले." मग मुलाला म्हणाली, "जाऊ दे रे. ते जिवंत होते तेव्हाही बोलावल्या वेळेला कधी आलेत?"

मुलगा हसला नाही. गुरुजींनी अमावास्येला श्राद्ध करायचा मार्ग काढला आणि मायलेक तोवर धर्मशाळेत राहिली. पण सबनीसांनी मंडळाकडे तक्रार केली ती केलीच. त्याच संध्याकाळी भालचंद्ररावांनी शिरीषरावांना बोलावून चाक बंद करवलं. प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली, झालं. आता टॅब उघडायचा तर क्लिक.

मी बाईंना घरी सोडायला निघाले. गल्लीत एका सांडानं रस्ता अडवला होता, आम्ही उभ्या राहिलो. मी म्हटलं, "बाई, सबनीसांचं नाव चढवलंत त्या दुपारी त्यांनीच तुम्हाला गप्प केलं होतं. मी होते तिथे. हे का नाही सांगितलंत?"

"गप्प बस म्हटलं आणि मी बसले. चौथीतली मुलगी आहे का मी?"

"पण ते सरळ त्या माणसावर ढकलत होते!"

"म्हणून तर उठले. एरवी कशाला उठतेय, गुडघे दुखतात."

त्यानंतर त्या रोज येत राहिल्या आणि रोज क्लिक करत राहिल्या. डावा हात उजव्यावर ठेवून, अंगठ्यानं दाबून. बाण सरकायचा. पुन्हा. चारपाच दिवसांत सांधे इतके सुजले की कुल्हडसुद्धा धरवेना. आणि मग एके दिवशी त्या आल्या नाहीत. मी ब्रह्मा घाटाच्या घरी गेले. बाई खिडकीजवळ बसल्या होत्या, वहिनी मटार सोलत होती. "बघ ना," वहिनी मला म्हणाली, "मी सांगते, ताई, आता आराम करा. कुणासाठी एवढं?" बाईंनी खिडकीबाहेरच बघितलं.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. मला तेवढंच येत होतं. मथळा मोठा: चाक बंद म्हणजे बाई बंद! खाली लिहिलं की ज्यांची बोटं सरळ आहेत अशा लोकांनी वाकड्या बोटांचं काम हिरावून घेतलं, की एका कार्यवाहाच्या देणगीच्या फोनपायी एका बाईचा आवाज दाबला गेला आणि त्यातून चूक झाली, की मंडळानं जाहीर माफी मागावी. मंडळाच्याच दारात वाटणार होते. आधी बाईंना दाखवलं. त्यांनी पेन्सिल उलटी धरून एकेका ओळीवरून नेली.

"मथळा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "वाटू नको."

"का?"

"तू माझ्या बोटांचा मोर्चा काढतेयस. मला बोटांचं कौतुक नकोय गं, काम पाहिजे."

"काम भांडल्याशिवाय मिळत नाही, बाई."

"मी भांडणार नाही असं कुठे म्हटलं? तुझ्या कागदामागे उभी राहून भांडणार नाही, एवढंच."

मंडळाच्या बैठकीला त्या स्वेटरवर शाल घेऊन आल्या. मी दारात उभी होते. सभासद नसल्यानं आत यायची सोय नव्हती. बाई म्हणाल्या, "मला चाक परत पाहिजे. आणि मोठ्यानं वाचायची मुभा. दोन्ही. एक देऊन एक ठेवलंत तर परत चूक होईल."

शिरीषराव हळूच म्हणाले की चाक फिरलं की 'महिना बदलू का?' असं विचारणारी खिडकी टाकता येईल, 'हो'वर क्लिक केलं की झालं.

"म्हणजे परत क्लिक!" बाई म्हणाल्या. "शिरीषराव, तुम्ही हुशार आहात, जरा कमी हुशारी करा."

भालचंद्रराव म्हणाले, "चाकाचं बघू. पण बाई, आवाज… येणाऱ्या-जाणाऱ्यांना कसं दिसतं ते. निदान हळू वाचा."

"हळू वाचलं तर मलाच ऐकू येत नाही. कान पण माझ्याच वयाचे आहेत."

एकदोघं हसली. भालचंद्रराव हसले नाहीत. "हे कार्यालय आहे, बाई. शाळा नाही. इथे शांतता लागते."

"कशासाठी?" बाईंनी विचारलं. "इथे काय चालतं? कुणाचा तरी बाप कुठल्या महिन्यात गेला, ते आपण लिहून ठेवतो. ते मोठ्यानं म्हणायला लाज कसली?"

त्यावर विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. मराठी माणसांची संस्था आहे ती. तिथे 'नाही' म्हणत नाहीत, पुढची बैठक असते. चाक बंदच राहिलं. बाई घरी. कार्डं साचत चालली होती. भालचंद्रराव स्वतः दोन दिवस बसले, आणि पुढच्या वर्षीचा अर्धा वैशाख चैत्रात घालून उठले. ते मला रामजनमनं सांगितलं, मोठ्या आनंदानं. मी ते पत्रकात घालणार होते. घातलं नाही.

अमावास्या झाली. श्राद्ध पार पडलं. सातारला परतायच्या आदल्या दिवशी सबनीसांची आई मंडळात आली, एकटीच, मुलाला धर्मशाळेत सामान बांधायला बसवून. मी संगणकावर आमचं काहीतरी टाइप करत होते. तिनं भालचंद्ररावांना सांगितलं की पुढच्या वर्षीची नोंद आताच नीट करून घ्यायची आहे.

"करतो ना, आजी. कार्तिक वद्य पंचमी. लिहून घेतलं."

"लिहून तुम्ही मागेही घेतलं होतं," आजी म्हणाली. "त्या बाईंना बोलवा. ज्यांनी सांगितलं ना चूक झाली म्हणून, त्या."

"त्यांची तब्येत जरा…"

"मग मी थांबते."

आणि ती खरंच भिंतीजवळच्या बाकावर पाय वर घेऊन बसली. काशीत कुणी बसलं की त्याला उठवता येत नाही, हे भालचंद्ररावांना माहीत होतं. रामजनम ब्रह्मा घाटाकडे पळाला. शिरीषरावांना रेल्वेच्या कचेरीत फोन गेला. ते मफलर सावरत आले, काही न विचारता पडद्यासमोर बसले, ती एक ओळ पूर्वीसारखी केली आणि उठले. भालचंद्रराव बघत होते. "तात्पुरतं," ते म्हणाले. शिरीषरावांनी ऐकलंच नाही, किंवा ऐकू आलं नसल्यासारखं केलं.

कुमुदबाई आल्या त्या धापा टाकत. वहिनी मागोमाग, हातात बाईंची शाल. आजी उठून खुर्चीच्या अगदी मागे येऊन उभी राहिली.

"मला तुमच्या पडद्यावरचं वाचता येत नाही," ती म्हणाली. "मोतीबिंदू आहे. तेव्हा बोला."

मी पुढच्या महिन्यात लखनौला गेले, कामासाठी, आणि परत काशीला राहायला आले नाही. बाईंबद्दल नंतर जे कळलं ते दुसऱ्यांच्या तोंडून. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं असं हेच आहे: विटकरी स्वेटरमधली पाठ, चाकावर टेकलेला तर्जनीचा सांधा, आणि बाजारातसुद्धा ऐकू जावा असा आवाज. "भाद्रपद. आश्विन. कार्तिक." मग थांबून, मागे मान वळवून, "कार्तिक, आजी?"

"कार्तिक," आजी म्हणाली.

"वद्य."

"वद्य."

"पंचमी. नाव सांगा."

आजीनं नवऱ्याचं नाव घेतलं. तेही मोठ्यानं, जन्मात बहुधा पहिल्यांदाच. वहिनीनं चमकून पाहिलं.

दारात तोवर आणखी दोन माणसं येऊन उभी राहिली होती, देणगीची पावती घ्यायला आलेली. त्यांतला एक जण मला विचारू लागला, हे काय चाललंय, आमचंही असं वाचून घेता येईल का. भालचंद्रराव आतल्या खोलीत गेले आणि त्या दोघांसाठी एकेक खुर्ची आणू लागले. उचलून, पाय जमिनीला लागू न देता, आवाज होऊ नये म्हणून.